तेरेझच्या दोरीवरचे कपडे

उस्ता गिरगिसने नेमतच्या धुण्याच्या मशीनचं मागचं झाकण काढलं, आत विजेरी फिरवली आणि हात पुसले. मोटर जळली होती, ड्रमही ढिला झाला होता. याचे सुटे भाग आता अख्ख्या अलेक्झांड्रियात मिळायचे नाहीत, असं त्याने स्वच्छ सांगितलं.

"एक सांगू, उम ताहेर?" कचरा अडवणारी जाळी उजेडात धरत तो म्हणाला. "पंचवीस वर्षं हेच करतोय. इतकी स्वच्छ जाळी नाही पाहिली. केस नाही, मळ नाही. धुऊन धुऊन मारलंत बिचाऱ्याला."

"आजारी माणसाचं धुणं आहे. रोज काढावंच लागतं," नेमत म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे चहा ठेवला.

धुणं समोरच्या दारातल्या मादाम तेरेझचं. त्या दारावर एकावन्न वर्षं तिच्याच नावाची पाटी होती. कमरेचं हाड मोडल्यापासून ती कुणाच्या दृष्टीला पडली नव्हती. दिसायचे ते तिचे कपडे. नेमत दिवसातून दोनदा झाकलेली ताटली घेऊन तिच्या घरात जाई, रेडिओ लावी, आणि रिकामी ताटली घेऊन परते. सकाळ झाली की तेरेझच्या गॅलरीतल्या दोरीवर एक चादर, दोन गाऊन आणि डोक्याचा निळा रुमाल वाऱ्यावर फडफडू लागे.

खाली हाज मितवल्लीचं फरश्यांचं दुकान होतं. इमारतही त्याचीच. त्याची नजर गिऱ्हाइकांवर कमी आणि त्या दोरीवर जास्त; कपडे ओले आहेत की नाही, तेही तो खालून पाही. भाडेकरार जुनापुराणा, भाडं नावापुरतं. तेरेझ आहे तोवर तिला कुणी हलवू शकत नव्हतं आणि ती नसली की घर हाजचं. तिची एकुलती एक मुलगी कॅनडात होती. तिला या करारात काही हक्क नव्हता. हाजला तिथे जावयाचा दवाखाना थाटायचा होता आणि पाटीचा रंगही त्याने ठरवून ठेवला होता.

नेमतला ते मुळीच मान्य नव्हतं. तिचा नवरा बंदरावर क्रेनखाली सापडून गेला तेव्हा मुलगा ताहेर चार वर्षांचा होता; त्याच्यावरूनच ती उम ताहेर, ताहेरची आई. नेमत शिवणाच्या कारखान्यात जाई आणि पोरगा तेरेझच्या स्वयंपाकघरात जेवे, तिथेच पाढे म्हणे, तिथेच झोपे. तोच ताहेर आता कुवेतहून फोनवर समजावत होता की आई, पुरे झालं, हाजशी वैर कशाला घेतेस. नेमतने त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच फोन ठेवला.

तिने हाताने धुऊन पाहिलं. पण संधिवाताने बोटं वाकडी झालेली. ओली चादर उचलायला, पिळायला गेली की डोळ्यांत पाणी यायचं. तीन दिवस दोरी रिकामी राहिली. चौथ्या दिवशी हाज वर आला, सोबत वकील आणि कुलूपवाला.

"चार दिवस झाले, उम ताहेर. बाई आत मेली असेल तर वास सुटेपर्यंत थांबायचं का?"

"मेलंय ते माझं मशीन."

"मग मार हाक तिला. आवाज ऐकला की आलो तसा जातो."

नेमत तेरेझच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"तिचे सगळे गाऊन माझ्या टबात भिजतायत. आणि तुम्ही तीन पुरुष एकट्या बाईच्या निजायच्या खोलीत शिरणार? हज करून आलात ना हो? थांबा, बायकांना बोलावते. सगळ्यांसमोर शिरा."

वरच्या मजल्यावर दोन दारं उघडली. कुलूपवाल्याने आधी पिशवी उचलली, मग वकिलाला चष्मा पुसायची आठवण झाली. हाजचा चेहरा उतरला. शनिवारी सकाळी दोरीवर कपडे दिसले नाहीत तर पोलीस घेऊन येतो, असं बजावून तो खाली उतरला.

मक्केला उमऱ्यासाठी जायला नेमतने नऊ वर्षं पैसे साठवले होते. काबा कुठे जात नाही, असं स्वतःशीच म्हणत तिने ते शुक्रवारी सकाळी डब्यातून काढले आणि दुकानातलं सगळ्यात मोठं मशीन घेतलं. दोन हमालांनी ते दोरखंडाने पाठीवर बांधून तीन मजले चढवलं. हाज जिन्याच्या तोंडाशी उभाच होता.

"एवढं मोठं? दोन म्हाताऱ्यांना?"

"चादरी जड असतात, हाज. आणि आम्ही इतक्यात कुठे जात नाही."

शनिवारी उजाडायच्या आत दोरी भरलेली होती. चादर, दोन गाऊन, निळा रुमाल. वर जास्तीची उशीची खोळ. हाज पोलीस शिपायाला घेऊन फुटपाथवर आला, तेव्हा नेमत तेरेझच्या गॅलरीत उभी राहून आणखी एक चादर झटकत होती. चार थेंब त्याच्या टकलावर पडले. शिपायाने वर पाहिलं, हसला, आणि मला कशाला आणलंत म्हणून विचारू लागला. हाज दुकानात शिरला. इतकं बरं नेमतला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

समुद्राच्या वाऱ्याने दुपारपर्यंत कपडे कडकडीत वाळले. नेमतने तेरेझच्या टेबलाशी बसून ताटलीतली मसूरची खिचडी खाल्ली, रेडिओ बंद केला, कपड्यांच्या कोऱ्या करकरीत घड्या कपाटात ठेवल्या आणि त्याच कपाटातून उद्या धुवायला आधीच धुतलेले दोन गाऊन काढले. मग तिने कॅनडाला, तेरेझच्या मुलीच्या घरी फोन लावला. तिकडे आत्ता कुठे सकाळ होत होती. "मशीन आलं गं तेरेझ," ती म्हणाली, "तू सावकाश चालायला शीक."