सुगंधाचा डबा

नातीचं बारसं झालं त्या वर्षी द्वारकाबाई मुलाकडे नॉर्वेला आल्या. तिथलं सरकार नव्या माणसाच्या कानात आधी स्थायिक झालेल्या कुणाचा तरी बोलता आवाज बसवून देई. द्वारकाबाईंना साताऱ्याची सुगंधा मिळाली.

शेजारीण इंग्रिड स्टीलच्या डब्यात केक देऊन गेली. कुणाशी ओळख जमली नाही, तर द्वारकाबाई दिवाळीला गावी परत जाणार होत्या.

"डबा रिकामा देऊ नका हं," सुगंधा कानात म्हणाली.

"हे तू मला शिकवतेस?" द्वारकाबाईंनी शंकरपाळे भरले. डबा सफरचंदं घेऊन आला, चकल्या घेऊन गेला. दिवाळी इंग्रिडच्याच घरी झाली.

एकदा डबा घासताना बुडाशी कोरलेलं नाव दिसलं.

"अगं, हा तर तुझा डबा."

"माझाच. भरून द्यायची पाळी इंग्रिडची होती."

सुगंधा मोहिते द्वारकाबाई येण्याआधीच्या माघात वारली होती.