पेइचं कार्ड

"पाणी आणते," म्हणत ती जग घेऊन पुन्हा उठली. जग काठोकाठ भरलेला होता. बाबांनी जगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

दवाखान्याच्या त्या खोलीत तिचा पाय ठरत नव्हता. आजचा दिवस, फार तर उद्याचा, असं डॉक्टर सकाळी सांगून गेले होते. तेव्हापासून बाबांचा श्वास जरा अडखळला, की तिला काहीतरी काम आठवायचं. औषधं, रिपोर्ट, कुणाला तरी फोन. आपल्या डोळ्यांदेखत तो श्वास थांबला तर?

"पाणी राहू दे. माझा खोका दे. आणि पेन."

बुटांच्या त्या खोक्यात चिनी क्रियापदांची कार्डं होती. यंत्रांची चिनी माहितीपत्रकं भाषांतरित करण्यात बाबांचा जन्म गेला. कार्डाच्या पुढे क्रियापद, मागे अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य. शब्दकोशातून उतरवायचं नाही. ते काम आपण स्वतः केलं, की मगच मागची बाजू लिहायची. 'पोहणे' लिहिण्यासाठी ते पन्नाशीत तलावात उतरले आणि नाकातोंडात पाणी जाऊन घरी आले. "आता 'बुडणे'ही लिहून टाका," आई म्हणाली होती.

त्यांनी एक कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. पेइ. मागे कोरं.

"सोबत करणे," ती म्हणाली. "एवढं सोपं कसं राहिलं?"

"तुझी आई गेली, तेव्हा मी बाहेर बाकावर फॉर्म भरत होतो." त्यांनी कार्ड उशीपाशी ठेवलं. "फॉर्म आदल्या दिवशीच भरून झाला होता."

तिने जग खाली ठेवला. खुर्ची ओढून त्यांचा हात हातात घेतला. तिचाच हात थरथरत होता.

"घाबरलीस?"

"नाही."

"बरं."

श्वास अडखळला. तिने डोळे घट्ट मिटले, पण उठली नाही. पुन्हा अडखळला. पुन्हा सुरू झाला. कधीतरी तिच्या हाताची थरथर थांबली. खुर्चीतच तिला डुलकी लागली.

जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. बाबा तिच्याकडेच पाहत होते. थोड्या वेळाने श्वास थांबला, तो पुन्हा आला नाही. हात अजून तिच्या हातात होता. शेवटी सोबत केली आपण, तिला वाटलं.

मग उशीपाशी पडलेलं कार्ड दिसलं. मागे वेडीवाकडी, ताजी अक्षरं होती.

'लेक फार घाबरली होती. तिची भीती जाईपर्यंत थांबलो.'