दोन लाडवांचं वजन

शर्यतीसाठी जुनं विमान हलकं करताना मेकॅनिक दिगूकाकांनी मागची सीट काढली, रंगसुद्धा खरवडला. मग पायलट मृणालला म्हणाले, “माझं झालं. आता तू हलकी हो.” बिचारी महिनाभर काकडीवर राहिली.

तरी विमान नाकभर अंतरानं हरलं. ते उतरल्यावर काकांनी तपासणीसाठी शेपटीचं झाकण उघडलं. आत त्यांचीच पाने-पकडींची पिशवी होती, सकाळी घाईत विसरलेली आणि मृणालनं घटवलेल्या वजनाहून चांगली जड.

तेवढ्यात मृणाल डोळे पुसत आली. “काका, माझ्यामुळं हरलो. परवा भाचीच्या बारशाला दोन लाडू खाल्ले मी.”

झाकण पाठीनं दाबून धरत, तिच्याकडं न बघता काका म्हणाले, “असू दे. मी नाही कुणाला सांगणार.”