कोणता घालू, याडी?

उद्या सकाळी वाशीमच्या एका दवाखान्यात नर्सच्या नोकरीची मुलाखत, आणि रंजीताचं घोडं अजून कपड्यांवरच अडलेलं. शेवटी तिने मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून आईला व्हिडिओ कॉल लावला. आईबाप ऊसतोडीला गेलेले. फडात जेवणाची सुट्टी झाली होती. फोनमध्ये रुपाबाईचं अर्धंच तोंड दिसत होतं.

"याडी, हा पांढरा पाह्य. लय साधा वाटते का? अन् एसटीत मळला तं?"

"दुसरा कसा हाये, सांग."

"हा मैत्रिणीचा. भारी हाये, पण बाह्या लांब होतात. मांगून आणला हे मुलाखत घेणाऱ्यायले समजलं तं?"

"अन् तिसरा?"

"तुले दिसून नाई राह्यला का?"

"दिसते वं. तू सांग."

"हा माहा निळा. सगळे पेपर याच्यावरच देले मी."

"मंग हाच घाल," रुपाबाई लगेच म्हणाली.

रंजीताचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पलीकडून बापाचा आवाज आला, "काय पाहून राह्यली वं त्या फोनात? पडदा तं परवाच काळा झाला त्याचा, नुसतं आयकू येते."

रंजीता हातातल्या निळ्या ड्रेसकडे बघतच राहिली. "याडी, मंग निळाच काहून सांगतला?"

"पहिल्या दोघायच्या वक्ती तुहा आवाज कापत होता, पोरी."