भैरूचं पाणी

हॉलमधली नवी टाकी भरली तेव्हा दिगंबररावांनी स्वयंपाकघरातला नळ बंद केला आणि पाइप गुंडाळून बाल्कनीत टाकला. चांगली पाच फूट लांब काच, तळाला धुतलेली वाळू आणि वर काठोकाठ पाणी. इतकं नितळ, की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर टाकीतून वाचता येत होतं.

"थेंब टाकलेत का?" श्यामलाबाईंनी आतून विचारलं.

थेंबांची बाटली टीपॉयवर होती, सील न फोडलेली. काल मासे बघायला गेले होते, तेव्हा दुकानदाराने दिली होती. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माणसाला चालतं, माशाचे कल्ले भाजतात. आधी हे टाका, मगच मासा सोडा, असं त्याने बजावलं होतं. दिगंबररावांना ते फार झोंबलं. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. त्याच्या पाण्याला औषध!

"तान्ही पोरं पितात हे पाणी. माशाला काय धाड भरलीये?"

"मला नका सांगू. ऋतुजाला सांगा."

ऋतुजा म्हणजे सून. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. इतक्या दिवसांत पोरीने या घरात काही म्हणून मागितलं नव्हतं. मागितली ती ही टाकी, आणि तीही भैरूसाठी. भैरू म्हणजे तिचा ऑस्कर मासा. कॉलेजात असताना बोटाएवढा आणला होता, आता हाताच्या पंजात मावत नव्हता. तिच्या हातून खायचा आणि ती दिसली नाही तर रुसून कोपऱ्यात बसायचा. दुकानात दिगंबररावांनी हौसेने त्याच्या सोबतीला इवले इवले निळे-लाल मासे पसंत केले होते. "अहो बाबा, हा तर त्याचा नाश्ता झाला!" म्हणत ती खळखळून हसली आणि तिने तळहाताएवढे चपटे चंदेरी मासे निवडले. भैरू रुळला की ते आणायचे होते.

बेल वाजली. दिगंबररावांनी बाटली उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली.

दारात ऋतुजा, हातात झाकणाची बादली. बिबवेवाडीच्या माहेराहून इथे वारज्यापर्यंत रिक्षाभर ती मांडीवर धरून आली होती. निम्मं पाणी तिच्या ड्रेसवर सांडलेलं. श्यामलाबाईंनी बादलीवरून पोळीचा तुकडा ओवाळून टाकला. "माहेरचं माणूस आहे, असंच कसं आत घ्यायचं?"

"बाबा, थेंब टाकलेत ना?"

"हो."

इतकं सहज म्हणाले, की त्यांचं त्यांनाच बरं वाटलं. श्यामलाबाईंनी रिकाम्या टीपॉयकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि 'टाकलेले दिसतात' असं समजून त्या चहा ठेवायला गेल्या.

ऋतुजाने बादली टाकीत अलगद कलती केली. भैरू बाहेर आला, त्याने एक लांब फेरी मारली. एवढी जागा त्याने जन्मात पाहिली नव्हती. ऋतुजाने टाळ्या पिटल्या. दिगंबरराव मनात म्हणाले, बघा, काही होत नाही.

मग भैरू एकदम उसळला आणि काचेवर आपटला. पुन्हा आपटला. वर येऊन तोंड पाण्याबाहेर काढून आ वासू लागला. त्याचे कल्ले धापा टाकल्यासारखे उघडत मिटत होते आणि अंगावरचा तांबूस रंग बघता बघता फिकट पडत होता.

"भैरू! अरे, काय होतंय तुला?" ऋतुजा टाकीला बिलगली. "बाबा, क्लोरीननेच असं होतं हो. पण थेंब तर तुम्ही टाकलेत. म्हणजे माझंच चुकलं. रिक्षात फार हिंदकळला तो. मीच घाई केली." तिला रडू फुटलं.

लोकांच्या तक्रारी यायच्या, तेव्हा दिगंबररावांचं उत्तर ठरलेलं असे. पाण्यात दोष नाही, तुमच्याकडेच बघा. आत्ताही तेच ओठांवर आलं होतं. काही न बोलता उभं राहिलं तरी भागलं असतं. पोरीने दोष आपल्या अंगावर घेतलाच होता. पण तिच्याकडे बघवेना.

त्यांनी खिशातून बाटली काढली, सील दाताने फोडलं आणि थेंब बिंब न मोजता टाकीत ओतायला सुरुवात केली. दुसऱ्या हाताने पाणी ढवळत राहिले. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजली.

"पुन्हा टाकताय?" ऋतुजाने विचारलं.

"पहिल्यांदाच टाकतोय," दिगंबरराव म्हणाले. "मघाशी खोटं बोललो."

श्यामलाबाई चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या. एरवी त्यांनी नवऱ्याला असा सुका सोडला नसता, पण आत्ता त्यांनी कप टीपॉयवर ठेवले आणि त्या सुनेजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

भैरू बराच वेळ तसाच वर आ वासून होता. मग हळूहळू त्याचं तोंड मिटलं. तो खाली उतरला आणि वाळूला पोट टेकवून पडून राहिला. कल्ले चालू होते, आता जरा दमाने. ऋतुजाने काचेवर बोट ठेवलं. त्याचा डोळा त्या बोटाकडे वळला.

"वाचला गं," दिगंबरराव म्हणाले.

ऋतुजाने ओढणीने तोंड पुसलं आणि ती उठून उभी राहिली. या घरात तिने आजवर आवाज चढवला नव्हता. आत्ताही चढवला नाही.

"पटलं नव्हतं तर भांडायचं होतंत ना माझ्याशी, बाबा," ती म्हणाली. "मी तुमच्या 'हो'वर सोडलं त्याला."