चोवीस चादरी

इद्रीसने चादरी मोजल्या. चोवीस. खाटा बारा, प्रत्येकीला दोन. एकाही चादरीवर डाग नव्हता.

"छान ठेवल्यात, लल्ला इत्तो," तो अदबीने म्हणाला.

"छान कसल्या? कोऱ्या आहेत," राखणदार इत्तो म्हणाली. "मळवायला कुणी यायला तर हवं, सी इद्रीस."

अ‍ॅटलास पर्वतातल्या त्या दरीत सरकारने हे प्रसूतिघर बांधलं होतं. दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच येऊन राहावं, घरी बाळंत होताना मरू नये, एवढाच हेतू. पण घर नदीच्या अलीकडे होतं आणि सगळी गावं पलीकडे. सडक अलीकडेच संपत होती. ट्रक इथवर आले, म्हणून बांधकाम मुदतीच्या तीन महिने आधी पुरं झालं. पूल हा दुसऱ्या खात्याचा विषय होता.

इद्रीस राजधानी राबातहून कामगिरी तपासायला आला होता. तक्त्यात रकाने होते: वेळ, खर्च, स्वच्छता. शेवटचा रकाना, या घरात झालेले मातामृत्यू. त्याने शून्य लिहिलं. उद्दिष्टही शून्यच होतं. शंभर टक्के.

इत्तोने पुदिन्याचा चहा ओतला. "माझी लेक तुदा पलीकडे दिलीय. मार्चात दिवस भरतात तिचे. नेमकं तेव्हाच बर्फ वितळतं. पाणी खेचराच्या पोटाला लागतं."

"मग आधीच आणा की तिला."

"आधी म्हणजे कधी? फेब्रुवारीभर वाट बर्फात. त्याच्याही आधी कुठली सासू सोडते? शेळ्या कोण बघणार, तुम्ही?" ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "तुमच्या कागदात पूल लिहा. तुमचं ऐकतील."

त्याने लिहिलं. राबातला त्याचे वरिष्ठ सी झनीबर यांनी तो परिच्छेद तांबड्या शाईने खोडला.

"इद्रीस, बाबा, घर कसं चाललंय ते आपण बघायचं. ते तिथे हवं होतं का, ते धोरण मूल्यमापनवाले बघतील."

"बघतील ना?"

"मग पगार कशाचा घेतात?"

इद्रीसने सही केली.

एप्रिलमध्ये मूल्यमापनाचा अहवाल आला. कामगिरी तपासणीत सदर घर सर्व निकषांवर उत्तम ठरले असून मातामृत्यू शून्य आहेत; सबब स्थळभेटीची आवश्यकता वाटली नाही. धोरण यशस्वी. आणखी तीन दऱ्यांत अशीच घरे बांधावीत. खाली आधार म्हणून इद्रीसचं नाव होतं, सहीच्या तारखेसह. झनीबरनी त्या दुपारी कचेरीत बदामाची बिस्किटं वाटली. इद्रीसने आपलं बिस्कीट कचऱ्याच्या टोपलीत टाकलं.

मे महिन्यात तो फेरतपासणीला गेला. तक्ता तोच होता. इत्तोने चहा ठेवला नाही.

"तुदा?" त्याने विचारलं.

"दोन दिवस कळा देत होती. शेवटी खेचरावर बसवून इकडे आणायला निघाले. नदीच्या मधोमध खेचराचा पाय निसटला. इथे खाली काठाला लागली ती. आत आणली, अंघोळ घातली, गुंडाळली, पुरली."

हे तिने एका दमात सांगितलं आणि नोंदवही पुढे सरकवली. मार्च, मातामृत्यू: शून्य. अक्षर तिचंच होतं.

"घरात झालेलेच लिहायचे, असं तुमच्या लोकांनी बजावलंय," ती म्हणाली. "ती तर नदीत गेली."

इद्रीसला तिच्याकडे बघवेना. तो कपाटाकडे वळला आणि मोजू लागला. तेवीस. पुन्हा मोजल्या. तेवीसच.

"एक चादर कमी आहे," सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तेवढी एकच वापरात आली, सी इद्रीस."