अपेक्षित निष्कर्ष

“‘माहीत नाही’ असं कोणी लिहितं का, मॅडम?” विभागप्रमुख बेंडखळे सरांनी माझा अनुदानाचा अर्ज टेबलावर टाकला. कोकणातल्या कातळसड्यावरचे, त्या खडकाळ पठारावरचे बेडूक का कमी होत आहेत ते माहीत नाही, म्हणूनच शोधायचं आहे, असं मी ‘अपेक्षित निष्कर्ष’ या रकान्यात लिहिलं होतं. त्याच वाक्यावरून अनुदान समितीने अर्ज दोनदा परत पाठवला होता. माझ्या निवृत्तीला तीनच पावसाळे उरले होते.

“झालेलं काम लिहायचं हो! सगळे तेच करतात. अनुदान आलं की नवं काम करायचं आणि ते पुढच्या अर्जात लिहायचं.”

मग सड्यावरच्या डबक्यांच्या पाण्याचा, पाच वर्षांपूर्वी संपवलेला माझा अभ्यास मी आता नव्याने करायचा आहे असं दाखवून अर्जात लिहून काढला. आलेखही तेच लावले.

“वा! काय नेमके अंदाज आहेत!” मुलाखतीत समितीचे अध्यक्ष म्हणाले. “इतकी खात्री कशी काय?”

“अनुभव, सर.”

समितीतल्या पाच तज्ज्ञांनी माना डोलावल्या. त्यांतल्या दोघांनी, तो अभ्यास छापून आला तेव्हा, मला अभिनंदनाची पत्रं पाठवली होती.

महिन्याभरात मंजुरीपत्र आलं. त्यात एकच अट होती: संशोधनात काही अनपेक्षित आढळल्यास पुढील काम थांबवून समितीची लेखी परवानगी घ्यावी.

मी सही केली आणि बेडूक मोजायला सड्यावर गेले.